पंपभाऊंची जेट बोट

पंपभाऊ माणसांचं बोलणं अर्धं ऐकायचे आणि मशीनचं पूर्ण. लोक खिशाला पेन लावतात तसा यांच्या खिशात एक लांब पेचकस असायचा. कुठलंही यंत्र चालू दिसलं की पेचकसाचं टोक त्याच्या अंगाला टेकवायचं, मूठ कानाजवळच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग पाहुणा दारात उभा असो की ताटात भात निवत असो, भाऊ हलायचे नाहीत. शिलाई मशीन, पिठाची चक्की, थांब्यावर धडधडत उभी असलेली एसटी, सगळ्यांची नाडी त्यांनी तपासली होती. एकदा त्यांना तपासायला आलेल्या डॉक्टरांनाच ते म्हणाले, "तुमच्या त्या नळीपेक्षा माह्या पेचकसात साफ आयकू येते. लावून पाहा." डॉक्टर हसले. भाऊ गंमत करत नव्हते.

आमच्या घरच्या फ्रिजलाही त्यांनी पेचकस लावला होता. "याचा कॉम्प्रेसर थकला गा सुध्या. हा उन्हाळा काढन असं वाटत नाई." ऐन मे महिन्यात फ्रिज बसला. भाऊंनी त्याला नजर लावली असा माझ्या बायकोचा आजही पक्का समज आहे. पुढे भाऊ येणार असं कळलं की ती आधी मिक्सर कपाटात ठेवायची आणि मग चहाचं आधण टाकायची.

भाऊंना जाऊन आता वर्ष होत आलं. ऊर्जानगरात ते ज्या पंपहाऊसला होते तिथं मी त्यांच्या हाताखाली शिकलो. वीज केंद्राला लागणारं पाणी ओढणारे ते पंप, एकेक घराएवढा. भाऊंचं खरं नाव पगाराच्या कागदावर असायचं, बाकी सगळे त्यांना पंपभाऊच म्हणायचे. कामात त्यांचे दोनच नियम होते. पहिला: थंड्या मशीनवर लोड टाकू नये. दुसरा: आवाज बदलला, थरथर वाढली, काही म्हणता काही वेगळं झालं, तर "आधी बंद कर, मंग इचार कर." आम्ही पोरं विचार करत बसायचो, तोवर भाऊंचा हात बटणावर गेलेला असायचा. त्यांच्या अख्ख्या नोकरीत एक पंप जळाला नाही. हे ते स्वतः सांगायचे, चारचौघांत सांगायचे आणि विचारलं नसलं तरी सांगायचे.

निवृत्त झाल्यावर ते गोंडपिपरी तालुक्यातल्या आपल्या गावी गेले. गाव वैनगंगेच्या काठावर. नदीच्या या तीरावर चंद्रपूर जिल्हा, त्या तीरावर गडचिरोली. आणि बरोबर समोर, घाटावर उभं राहिलं तर घरांची कौलं दिसतील इतक्या समोर, वहिनींचं माहेर. वहिनी म्हणजे भाऊंची बायको, कमलबाई. त्यांची आई त्या रांगत्या असतानाच गेली. थोरल्या बहिणीनं, अक्कांनी, त्यांना अंगाखांद्यावर वाढवलं. कमलला सांभाळायचं म्हणून अक्कांनी स्वतःच्या लग्नात अट घातली की नवरा आपल्या घरी येऊन राहील. तो आला, राहिला आणि म्हातारा होऊन गेलाही. तेव्हा वहिनींचं माहेर म्हणजे घर नव्हे, शेत नव्हे, अक्का. एवढंच माहेर.

समोर दिसणाऱ्या गावाला जायचं तर गोंडपिपरीला यायचं, तिथून आष्टीचा पूल ओलांडायचा, पलीकडे गाडी बदलायची आणि शेवटी चांगलंच चालायचं. वहिनींच्या गुडघ्यांनी त्या चालण्याला केव्हाच नकार दिला होता. पूर्वी नदी ओलांडायला डोंगा होता. पण लग्नाच्या वर्षीच डोंगा मधोमध उलटला, वहिनी नाकातोंडात पाणी जाऊन कशाबशा वाचल्या. त्यानंतर त्यांनी नदीत पाऊल टाकलं ते फक्त काठावरच्या दगडावर बसून कपडे धुवायला. अक्कांचेही पाय गेले होते. दोघी बहिणी सकाळी फोनवर बोलायच्या. "मी घाटावर आली वो अक्का, दिसून राह्यली का?" असं वहिनी विचारायच्या, आणि अक्कांना दिसत नसलं तरी त्या म्हणायच्या, "हो वो माय, दिसून राह्यली. हिरवं लुगडं नेसली." लुगडं हिरवं नसायचं. भाऊंनी हे एकदा ऐकलं आणि त्यांच्या डोक्यात काहीतरी सुरू झालं.

एका तलावावर पर्यटकांना फिरवणाऱ्या कोणाचा तरी धंदा बसला होता. त्याची एक जेट बोट उन्हात पडून होती. ढाचा मजबूत, इंजिन गेलेलं. भाऊंनी तो ढाचा घेतला, त्यात कोरं करकरीत इंजिन बसवून घेतलं आणि दिवाळीआधी एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर नारिंगी रंगाची ती बोट गावात आणली. परवानग्यांसाठी चंद्रपूरच्या चकरा मी मारल्या. बोटीला लागलं नसेल एवढं पेट्रोल माझ्या मोटरसायकलनं प्यालं.

गाव गोळा झालं. नदीत जाळी टाकणारे रामाजी बोटीच्या मागच्या बाजूला वाकून वाकून बघत होते.

"पंपभाऊ, याचा पंखा कुठी आहे?"

"पंखा नाई."

"मंग चालते कशी? फसवलं बापा तुमाले!"

"आरे, पंप आहे आतमधी. खालून पाणी ओढते, मांगून फेकते. पाणी मांगं, बोट पुढं." भाऊंचा चेहरा असा फुलला होता की जणू ही युक्ती त्यांनीच काढली. "वैनगंगेत गोटे किती, वाळू किती! पंखा असता तं पयल्याच दिवशी तुटला असता. हे बोट नोय रामाजी. पंप आहे. बसाले जागा असलेला पंप."

वहिनी दारात उभ्या होत्या. "मले इचारलं होतं का जी?" एवढंच म्हणाल्या.

"तुह्यासाठीच आणली."

"मी नाई बसत त्याच्यात." आणि आत जाऊन त्यांनी भांडी इतक्या जोरानं आपटली की भाऊंना पेचकसाची गरज पडली नाही.

बोट पाण्यात उतरवायच्या दिवशी कोणी नारळ आणला, कोणी लिंबं. भाऊंनी नारळ सगळ्यांना वाटला आणि लिंबं सरबताला घरी पाठवली. मग हात जोडून त्रिसरण म्हटलं, पंचशील म्हटलं, आणि इंजिन सुरू केलं. गार इंजिन. भाऊ त्याला पेचकस लावून बसले. लोक वाट पाहून कंटाळले, पोरं घरी जाऊन जेवून आली, तरी भाऊंचं आपलं एकच, "गरम होऊ द्या. थंड्या मशीनवर लोड टाकू नये." शेवटी ते म्हणाले, "चाल सुध्या," आणि मी बसलो. मला पोहता येतं, एवढीच माझी लायकी.

पहिली फेरी कशी झाली ते न विचारलेलं बरं. इंजिन गर्जत होतं आणि बोट जागेवर डुलत होती, खुंट्याला बांधलेल्या म्हशीसारखी. काठावर हशा. भाऊंनी इंजिनचं सगळं अंग पेचकसानं पालथं घातलं. "इंजिन फस्क्लास आहे. पंपाले पाणी भेटून नाई राह्यलं." म्हणजे पुढचं काम माझं. मी बुडी मारली. बोटीच्या पोटाखाली पाणी ओढायची जाळी असते, तिला घाटावरचं शेवाळ आणि कोणाचं तरी जुनं लुगडं असं गुंडाळलं होतं की पाण्याचा थेंब आत जाईना. मी लुगडं हात हात ओढून काढलं. काठावरून वहिनींचा आवाज आला, "अवो बाई, हे तं माहंच आहे! मांगच्या महिन्यात वाहून गेलं होतं." त्या दिवशी पहिल्यांदा त्या हसल्या. भाऊंना तेवढ्यावर फेरी यशस्वी वाटली.

मग सुरू झालं रनिंग. नवीन इंजिनला सुरुवातीचे तास दमानं घ्यायचं, पूर्ण रेस द्यायची नाही, एकाच चालीवरही फार वेळ ठेवायचं नाही. भाऊंनी हे असं पाळलं की बाळंतिणीचं पथ्यही कोणी पाळलं नसेल. मी साप्ताहिक सुट्टीला ऊर्जानगरहून यायचो आणि आम्ही नाक वर केलेल्या बोटीतून फुर्रफुर्र करत घाटासमोर घिरट्या घालायचो. अर्ध्या रेसवर ती बोट पाणी नांगरत चालायची, पेट्रोल प्यायची आणि वेग म्हणाल तर रामाजी डोंग्यातून आम्हाला मागं टाकून जायचे. जाताना विचारायचे, "येऊ का वढाले?" भाऊ चिडायचे नाहीत. "नवं आहे रामाजी. नव्या सुनेले पयल्या दिवशी धान कांडाले लावते का कोणी?" घाटावर बसलेल्या वहिनी यावर म्हणाल्या, "मले तं लावलं होतं." भाऊंनी बोट पलीकडे वळवली.

वहिनींनी तोवर एक पाऊल पुढं टाकलं होतं. दिवाळीनंतर आपल्याकडे गावोगावी मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री नाटक, आणि लेकीबाळींनी त्या दिवशी माहेरी यायचंच. अक्कांच्या गावची मंडई जवळ आली होती. अक्का फोनवर म्हणाल्या होत्या, "या मंडईले ये वो कमल. पुढच्या मंडईले मी असन का नाई, कोणाले माईत." वहिनींनी भाऊंना ते सांगितलं आणि म्हणाल्या, "तुमचं रनिंग होऊ द्या. मी घाटावरून पाहून राह्यली. मले भरोसा वाटला तं बसन. नाई वाटला तं अक्काले तुमीच जाऊन सांगा." आता ती बोट म्हणजे भाऊंची परीक्षाच झाली.

आणि त्या परीक्षेत ते पहिल्या झटक्याला नापास झाले. रामाजींनी बांबू रोवून जाळं लावलं होतं. आमची बोट सरळ त्याच्या दिशेनं निघाली होती, वळवायला भरपूर जागा होती. पण बोटीच्या खालून खड्‌ असा आवाज आला, वाळूचा खडा पंपात गेला असावा, आणि भाऊंच्या हातानं नोकरीभर जे केलं तेच केलं. बंद. रेस शून्य. आता जेट बोटीची गंमत अशी, की तिला सुकाणू नसतं. मागून फेकलेल्या पाण्याची धार वळवली की ती वळते. धारच बंद झाली तर हातातलं चाक नुसतं खेळण्यातलं. भाऊ चाक गरागरा फिरवत राहिले आणि आम्ही नाकासमोर जाऊन रामाजींचं जाळं, बांबू आणि त्यात अडकलेले मासे सगळं घेऊन वाळूवर चढलो.

रामाजी छातीएवढ्या पाण्यातून चालत आले. "भाऊ, बोट आहे का नांगर?" ते खरंच संतापले होते, आणि त्यांचं चुकत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून भाऊ सुई-दोरा घेऊन रामाजींच्या अंगणात जाळं विणायला बसले. शिकले, उसवलं, पुन्हा विणलं. जाळं धड झाल्यावरच उठले.

वहिनींनी घाटावरून सगळं पाहिलं होतं. संध्याकाळी भाकर वाढताना त्या म्हणाल्या, "तुमी भेले का बंद करता जी."

"नोकरीची आदत आहे."

"आदत असन. पन तुमी बंद केलं का बोट तुमचं आयकत नाई, नदीचं आयकते. मले तेच भेव आहे."

जेवण झाल्यावर भाऊ अंगणात बसून मला म्हणाले, "सुध्या, बराबर बोलली ते. पंपहाऊस जागेवर राह्यते गा. बंद केलं तं काई बिघडत नाई. इथी बंद केलं तं सारंच गेलं."

त्यानंतरच्या फेऱ्या म्हणजे एका म्हाताऱ्या हाताला नवी सवय लावणं होतं. भाऊंनी मला एक काम दिलं. ते बोट हाकताहेत, आणि मी मध्येच, न सांगता, ओरडायचं किंवा पत्र्याचा डबा वाजवायचा. दचकले की हात मागं जायचा, तो जाऊ द्यायचा नाही. सुरुवातीला दरवेळी हात मागं आला. "हट्‌ बे!" असं ते स्वतःच्याच हाताला म्हणायचे. काठावरच्या पोरांनी ते उचललं आणि आम्ही दिसलो की सगळा घाट "हट्‌ बे, हट्‌ बे" करायचा. भाऊ त्यांनाही हात करायचे. हळूहळू हात जागेवर राहायला लागला.

रनिंगचे तास भरले. भाऊंनी तेल बदललं. जुनं तेल बोटांत चोळून उजेडाला धरलं, वास घेतला, पेचकस लावून इंजिन ऐकलं आणि म्हणाले, "बस नीट." आणि त्यांनी पहिल्यांदा पूर्ण रेस दिली. बोटीनं आधी नाक वर केलं, मग अंग झाडलं आणि अख्खी बोट पाण्याच्या वर येऊन बसली. पाणी नांगरणं थांबलं, ती पाण्यावरून घसरत सुटली. गुडघ्याएवढ्या पाण्यातून, वाळूच्या पट्ट्यांमधून, आम्ही असे गेलो की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. वाऱ्यामुळे. भाऊंच्याही आलं, पण ते वाऱ्यामुळे होतं असं मी शपथेवर सांगणार नाही. परत आल्यावर ते म्हणाले, "पाह्यलं? पळत राह्यली तं ओंजळभर पाण्यावर पळते. थांबली का मात्र बसते वाळूत." रामाजी काठावर उभे होते. त्यांनी जोरात शिट्टी मारली. समेट झाला.

मंडईच्या सकाळी वहिनी नवं लुगडं नेसून, डब्यात अनारसे घेऊन घाटावर आल्या. दगडावर थांबल्या. मग त्यांनी माझा खांदा धरला, बोटीत पाय ठेवला, आणि बसल्या. डोळे गच्च मिटून, भाऊंच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरून. सगळी नदी त्यांनी तशीच ओलांडली. पलीकडे अक्कांना खाटेवर बसवून भाचे काठावर घेऊन आले होते. दोघी बहिणींनी एकमेकींच्या गळ्यात पडायचं सोडून आधी एकमेकींना रागावून घेतलं. किती वाळली, काय खातेस, केस का नाही विंचरले. तो सोहळा आटोपल्यावर अक्का भाऊंकडे वळल्या, "जावईबापू, इतका मोठा आवाज कायले? निजल्या मानसाले उठवता." रात्री नाटक होतं. अक्का पहिल्या अंकातच वहिनींच्या मांडीवर झोपल्या, आणि वहिनींनी नाटक संपेपर्यंत मांडी हलवली नाही.

त्या हिवाळ्यात आम्ही बरेचदा गेलो. पुढं पुढं वहिनी डोळे उघडे ठेवायला लागल्या, मग वाटेतला खडक भाऊंना त्याच दाखवायच्या. होळी झाली, पाणी उतरलं, नदीत वाळूच जास्त दिसू लागली. भाऊंनी बोट घाटाच्या कोपऱ्यातल्या डोहाशी ठेवली, वरून ताडपत्री बांधली आणि जाहीर केलं, "आता पावसाळ्याबिगर नाई. आता काढली तं वाळू खाऊन मरन पंप." दोघी बहिणी पुन्हा फोनवर आल्या.

वैशाखात मी सुट्टीला तिथं होतो. सकाळी अक्कांच्या मुलाचा फोन आला. "मावशी, आई कालपासून काई घेऊन नाई राह्यली. तुलेच इचारते. लवकर ये." मी म्हटलं, "मोटरसायकल काढतो, पुलावरून जाऊ." पण ती वाट लांबची, आणि पलीकडचा रस्ता खोदून ठेवलेला. वहिनींना मागं बसवून दुपार झाली असती. वहिनींनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्या भाऊंना म्हणाल्या, "बोट काढा जी."

भाऊ घाटाकडे निघालेही होते. ताडपत्री त्यांनी फाडूनच काढली. आम्ही बोट डोहात ढकलली. तो डोह म्हणजे अंगणाएवढा, त्यापलीकडे घोट्याएवढं पाणी. फिरून फिरून इंजिन गरम करायला जागा नव्हती आणि वेळ तर नव्हताच. डोहातच बोट पाण्यावर चढवायची आणि थेट पलीकडच्या काठापर्यंत रेस कमी करायची नाही, नाहीतर मधल्या वाळूत रुतणार. हे मला कळलं तसं त्यांनाही कळलं होतं. मी म्हणालो, "भाऊ, इंजिन थंडं आहे." ते म्हणाले, "माईत आहे." आणि रेस पूर्ण दिली.

त्या इंजिनचा आवाज मी विसरू शकत नाही. बोट डोहाच्या कडेला जेमतेम वर आली आणि वाळूवरून निघाली. पोटाखालून खरखर, पंपात वाळूचा कडकडाट. थोडं पुढं गेलो नाही तोच गरमीचा काटा चढायला लागला, थंड करणारं पाणी वाळूनं कोंडलं होतं. काटा लाल रेघेच्या पलीकडे गेला. भोंगा वाजायला लागला. मी भाऊंच्या हाताकडे पाहत होतो. मनगटावर शिरा उभ्या राहिल्या होत्या, पण हात जागेवर होता. इंजिनमधून जळका वास आला. भाऊंच्या तोंडून "अरेरेरे" निघत होतं, घरातल्या माणसाला मार लागावा तसं. वहिनी समोरच्या काठाकडे पाहत होत्या, त्यांना यातलं काही कळत नव्हतं, आणि भाऊंनी कळू दिलं नाही. काठ पंचवीस-तीस हातांवर राहिला तेव्हा आतून एक घाव घातल्यासारखा आवाज झाला आणि इंजिन जाम झालं. बोट आपल्या जोरावर घसरत जाऊन काठाच्या वाळूत शिरली.

भाऊ ओरडले, "सुध्या, तिले ने! माह्याकडे पाहू नको, तिले ने!"

मी वहिनींना जवळजवळ उचलूनच नेलं. अक्का जाग्या होत्या. "आली का वो माय?"

"आली अक्का."

"कशी आली?"

"बोटीनं."

"ह्या पाण्यात?" अक्कांच्या ओठांवर हसू आलं. "येडाच आहे तुहा नवरा." मग त्या वहिनींच्या हातून पाणी प्यायल्या. मुलाच्या हातून त्यांनी घेतलं नव्हतं. वहिनींनी केस विंचरून दिले, तोंड पुसलं. दोघी बारीक आवाजात काहीबाही बोलत राहिल्या, लहानपणची बोरं, मेलेली एक गाय, असलंच काही. ऊन डोक्यावर यायच्या आत अक्का गेल्या. वहिनींचा हात त्यांच्या कपाळावर होता. भाऊ दारात उभे होते, तेलानं काळे हात तसेच जोडून.

वहिनी रडल्या नाहीत. वंदना झाली, क्रियाकर्म झालं, आलेगेले झाले, सगळ्यांचं जेवणखाण त्यांनी पाहिलं, पण डोळ्यांत थेंब नाही. बायका आपसांत बोलायला लागल्या. भाऊंनी मधल्या वेळात एकदाच बोटीकडे चक्कर मारली. इंजिनवर हात ठेवून उभे राहिले आणि परत आले. दुरुस्त होणाऱ्यातलं नव्हतं ते.

भाच्यानं थांब्यापर्यंत बैलगाडीनं सोडलं, आणि परत निघालो ते एसटीनं. वहिनी खिडकीशी, भाऊ मध्ये, मी कडेला. भाऊंनी डोळे मिटून घेतले होते. आष्टीच्या पुलावर गाडी आली, खाली आटलेली नदी दिसली, तेव्हा ते झोपलेत असं समजून वहिनी माझ्याकडे वाकल्या. "सुधाकरभाऊ, त्यायले बोटीचं लय लागलं असन. घरी गेल्यावर विषय काढू नका जी."

भाऊ डोळे न उघडता म्हणाले, "लागलं. काऊन नाई लागन? जीव लावला होता मी त्याले." मग म्हणाले, "पन तू पाणी पाजलं ना अक्काले, मी दारातून पाह्यलं. मले भरून पावलं. तशी धा इंजिनं गेली तरी चालन."

तेव्हा वहिनींना रडू फुटलं. भरल्या एसटीत, माणसांच्या देखत, मोठ्यानं. लोक वळून पाहू लागले. कंडक्टर आमच्यापाशी येऊन उभा राहिला आणि तिकीट न मागताच पुढं गेला. भाऊंनी खांद्यावरचा दुपट्टा काढून त्यांच्या तोंडापुढं धरला.

"रड," ते म्हणाले, "आता रड कमल. आपन येळेवर पोचलो होतो."